गोधडीच्या मधोमध वेताळ टेकडी उभी राहिली आहे, काय करू?

कर्वेनगरचा बाबा

आमच्या घरात गोधडी एक आणि दावेदार दोन. सगळ्या भांडणाचं मूळ हे.

ती गोधडी बायकोच्या आजीनं शिवलेली, थोरलीच्या बारशाला दिलेली. थोरली आता पहिलीत आहे. धाकटा आठ महिन्यांचा, रांगतो, आणि अख्खं घर सोडून नेमका त्याच गोधडीचा कोपरा तोंडात घालतो. थोरली खेचते, तो भोकाड पसरतो, मी लॅपटॉप बाजूला ठेवून उठतो. आजी आता नव्वदीच्या पुढे, त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे दुसरी मागायची सोय नाही. म्हटलं आपणच शिवू. शिवणकामाचा माझा अनुभव म्हणाल तर शर्टाचं बटण.

परिस्थिती आधीच सांगतो, म्हणजे 'रोज दोन तास काढा' असं कुणी सांगणार नाही. बायकोची रजा संपली, ती हिंजवडीला जाते. मी घरी. पाच-सहा दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतो, त्यामुळे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस मी घरात असून नसल्यासारखा. एरवी धाकटा झोपला की वीस मिनिटं मिळतात, नशीब असेल तर चाळीस. रात्री साडेदहानंतर वेळ असतो, पण तेव्हा सुईला दोन नेढी दिसतात.

व्हिडिओ भरपूर पाहिले. त्यातल्या बायकांकडे टेबल-टेनिसच्या टेबलाएवढं टेबल, गोल पात्याचं कटर, रेघांची हिरवी चटई. माझ्याकडे दहा बाय अकराचा हॉल. टीपॉय बाल्कनीत काढला तर सहा फूट फरशी मोकळी होते, आणि मोकळी झाली रे झाली की धाकट्याला ती आपल्यासाठीच झाली असं वाटतं.

तर केलं ते असं. एका शनिवारी आयडियल कॉलनीहून मेट्रो पकडली, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरलो. तुळशीबागेतून सुया आणि दोरे, रविवार पेठेतून सव्वा मीटर मांजरपाट. घरातून बायकोची एक सुती नारायणपेठ, काठाशी विरलेली, आणि माझे ऑफिसला घालायचे चार सदरे, जे आता कुठल्याच ऑफिसला जाणार नाहीत. हिशेब एक्सेलमध्ये केला (हसू नका): छत्तीस इंची चौरस गोधडी, पाच इंची चौकोन. शिवणीत प्रत्येक बाजूचा पाव इंच जातो, म्हणजे चौकोन उरतो साडेचारचा. आठ आठे चौसष्ट चौकोन, छत्तीस इंच बरोब्बर. ते चौसष्ट तुकडे हातानं जोडायला पाच आठवडे लागले, त्यात एक ११ तारीख आणि एक २० तारीख आली.

मग खाली मांजरपाट, मध्ये साडीचे दोन पदर, वर चौकोन. चारही कडा आधी बंद करून टाकल्या, पाकिटासारख्या, म्हणजे काही सरकायला नको. नंतर कडेपासून आत आत धावदोरा घालत गेलो, चौकोनात चौकोन. निम्म्यापर्यंत मी स्वतःवर खूश होतो. शेवटच्या एक वितीला लक्षात आलं की वरचं कापड मध्ये गोळा होतंय. आता मधोमध अशी टेकडी झाली आहे की हात ठेवला तर खाली पोकळ लागत नाही, कापडच लागतं, आणि दाबलं की ती शेजारी जाऊन बसते.

प्रश्न तीन. सगळं उसवायचं का? मशीन घेऊ का? आणि वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत हे काम होतं तरी का, की पोरं मोठी होईपर्यंत थांबू?

पौडफाटा

टेकडी झालीच आहे तर सकाळी फिरायला लोक येतील. पार्किंगचं बघून ठेवा.

वारज्याची आजी

बाबा, विनोद नंतर. आधी दोन गोष्टी सांगा. मांजरपाट नवा होता, तो शिवायच्या आधी धुतला होता का? आणि शिवायला घेतल्यापासून गोधडी पाण्यात गेली आहे का?

कर्वेनगरचा बाबा

आजी, तुम्हाला कसं कळलं?

मांजरपाट धुतला नव्हता. दुकानातून आणला तसा कडक कडक लावला, उलट तो कडक असल्यानं बरं वाटलं होतं. आणि हो, दहा दिवसांपूर्वी थोरलीनं हळदीच्या दुधाचा पेला त्याच्यावर उपडा केला. मी घाबरून लगेच साबण चोळला, तर पिवळ्याचं लालच झालं! मग मशीनमध्ये टाकली, गरम पाण्यावर. टेकडी आधी होतीच, पण तेव्हा ती पर्वतीएवढी होती. धुतल्यावर वेताळ झाली.

वारज्याची आजी

म्हणजे दोन चुका एकावर एक बसल्या आहेत. घाबरू नका, कापड वाया गेलेलं नाही.

धुतल्यावर जे झालं ते सोपं आहे. तुमची साडी आणि सदरे वर्षानुवर्षं धुतलेले, त्यांना जेवढं आटायचं तेवढं ते आटून बसले आहेत. मांजरपाट कोरा. तो पाण्यात गेला आणि आटला, वरचं कापड होतं तेवढंच राहिलं. मग ते जाणार कुठे? वर. कोरं कापड आणलं की आधी रात्रभर भिजवायचं, खळ काढायची, वाळवायचं, मग कात्री.

दुसरी चूक मोठी, ती चार कडांची. कापड पसरताना आपण कितीही हात फिरवला तरी कुठे ना कुठे थोडा फुगवटा राहतोच. टाके घालत गेलं की सुई तो फुगवटा पुढे ढकलत नेते, जशी आपण लादी पुसताना पाणी ढकलतो. कड मोकळी असेल तर तो कडेनं निघून जातो. तुम्ही चारी दारं आधीच लावून घेतलीत आणि पाणी मधल्या खोलीकडे ढकललंत.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. आमच्यात वाकळ म्हणतात, गोधडी हा शब्द मला पुण्यात येऊन सवयीचा झाला. घटाआधी सगळ्या वाकळा नदीवर निघायच्या, त्यांच्या ओझ्यानं बैलगाडी करकरायची. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि मधल्या सुट्टीत वाकळेचे दोरे घातले, त्यामुळे तुमचा तिसरा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

वाकळेची दोन कामं आहेत आणि ती एकासारखी एक नाहीत. पसरायचं काम एका बैठकीचं. टाक्याचं काम शंभर बैठकांचं. तुम्ही पसरायचं कामही वीस मिनिटांच्या तुकड्यांत केलंत ना? खरं सांगा. बाळ उठलं म्हणून अर्धवट गुंडाळून ठेवलंत आणि नंतर पुन्हा पसरलंत?

तसं चालत नाही. एका रविवारी एक तास पोरं कुणाच्या तरी स्वाधीन करा आणि दोघं नवरा-बायको फरशीवर बसा. फरशी पुसून कोरडी करा. खालचं कापड पालथं पसरा, चारी कोपऱ्यांवर डाळी-तांदळाचे डबे ठेवा. ताणायचं नाही, नुसतं चापून बसवायचं. ताणलेलं कापड डबे काढल्यावर परत आखडतं. त्यावर मधले पदर, एकेक, हाताच्या तळव्यानं मधून कडेकडे पुसत. मग वरचा थर. एकानं धरायचं, एकानं कच्चा टाका घालायचा: आधी मधोमध उभा, मग आडवा, मग कोपऱ्या-कोपऱ्यांत, आणि मग वीत-वीत अंतरावर सगळीकडे. टाका चार बोटं लांब चालतो, पण दोरा भडक रंगाचा घ्या, शेवटी ओढून काढायला दिसला पाहिजे. इथे आळस केलात तर पुन्हा टेकडी.

एवढं झालं की तुम्ही सुटलात. आता ती घडी करून पिशवीत टाका, कुठेही उघडा, थर हलणार नाहीत.

आता तुमचा हिशेब, एक्सेलशिवाय. दोन ओळींत दीड इंच ठेवलात तर छत्तीस इंचांत तेवीस ओळी. एक ओळ तीन फुटांची. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरून ओढायचे, एकेक नाही. सवय झाली की एक ओळ पंधरा मिनिटांत होते. बाळाची एक झोप, एक ओळ. ११ आणि २० तारीख धरूनही दोन महिन्यांत उरकतं. दोरा खांद्यापासून बोटांपर्यंत, त्याहून लांब नको. लांब दोरा म्हणजे आळशाचा दोरा, ओवायचा कंटाळा वाचतो आणि गुंता सोडवण्यात जन्म जातो. गाठ मारली की हलकासा हिसका देऊन ती दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या, वर दिसता कामा नये.

तर हो, उसवा. फक्त मधले टाके आणि कडा. चौसष्ट चौकोन जोडलेत ते तसेच राहतील. मांजरपाट आता धुऊन आटलेला आहे, तोच पुन्हा वापरा, लहान पडला तर कडेला पट्टी जोडा.

लाल डागाला काही करू नका. हळदीला साबण लागला की ती लाल होते, खळखळून धुतलं की परत पिवळी. मग ओली करून कडक उन्हात टाका. हळद उन्हात उडते.

जुळ्यांची आई, पिंपळे सौदागर

आजींनी जे सांगितलं त्यापुढे मी काय सांगणार, पण मशीनचा प्रश्न राहिला, आणि एक गोष्ट मला बोललीच पाहिजे.

मशीन घ्या असं मी म्हणणार नाही, कुणाची असेल तर आठवडाभर आणा. ती खरी उपयोगाची आहे चौकोन जोडायला. तुम्ही पाच आठवडे घातलेत ते काम दोन संध्याकाळींचं आहे. दोन चौकोन जोडले की दोरा तोडायचा नाही, मशीनच्या दाबपायाखाली पुढची जोडी सरकवायची, तिच्यामागे पुढची. मशीनच्या मागे तोरण लटकत जातं. शेवटी कात्रीनं तुकडे सुटे करायचे.

सगळे थर एकत्र शिवायला मात्र साधी मशीन त्रास देते. खालचे दाते खालच्या कापडाला पुढे ओढतात आणि वरचा पाय वरच्या कापडाला दाबून धरतो. मग खालचं पुढे जातं, वरचं मागे राहतं, म्हणजे तुमची टेकडी, फक्त लवकर. त्यासाठी वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय मिळतो, त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचं कापडही बरोबर चालवतो. सुई चौदा नंबरची, फारच जाड झालं तर सोळा, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, आणि सुरुवात मधून कडेकडे. एवढं करूनही मी हे बंद केलं, कारण माझी जुळी मशीनच्या पहिल्या घरघरीला उठतात. हातसुईला आवाज नाही. आता माझं ठरलं आहे: जोडकाम मशीनवर, आजीबाईंच्या भाषेत 'दोरे घालायचं' हातानं.

आता बोलायची गोष्ट. घरात रांगतं बाळ आहे आणि तुम्ही फरशीवर सुया घेऊन बसताय. माझ्याकडे एकदा टाचणी गाद्यांच्या फटीत गेली आणि रात्री बारा वाजता आम्ही दोघं मोबाइलचा टॉर्च लावून पालथे पडलो होतो. तेव्हापासून नियम: टाचण्या घरात नाहीतच, त्यांच्याऐवजी मोठ्या सेफ्टी पिना. सुया तीनच. उघडल्या तीन तर डबीत परत तीन, मोजून, मगच उठायचं, दारावर कुरिअरवाला असला तरी. फ्रिजवरचं एक चुंबक माझ्या शिवणाच्या डबीत असतं, बसलेली जागा त्यानं एकदा फिरवून घेते. आजी, माफ करा, पण सुई कापडातच टोचून ठेवायची जुनी पद्धत अशा घरात नको.

आणि गोधडी धाकट्यासाठी असेल तर एवढं लक्षात ठेवा, वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत अंगावर किंवा आजूबाजूला सुटं जाड पांघरूण ठेवत नाहीत, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. सध्या ती दिवसा फरशीवर अंथरा, तुमच्या डोळ्यांसमोर त्यावर लोळू दे. पांघरायला वर्षानंतर.

वारज्याची आजी

सुईचं मान्य. आमच्या वेळी रांगती पोरं सोप्यावर आणि वाकळ माळ्यावर, त्यामुळे कधी विचार केला नाही. तरी माझी मावशी सुई वेणीत खोचायची आणि दिवसभर शोधायची.

मधून कडेकडे की कडेकडून आत, यावर मात्र माझं मत वेगळं. आमच्याकडे कडेनंच सुरू करून फेर घालत आत यायचे, आणि वाकळा सपाट व्हायच्या. पण हात बसलेल्या बायका, चौघी चार बाजूंना, आणि कच्चा टाका दाट. पहिल्या गोधडीला मधून कडेकडेच जा.

शनिपार

मध्येच घुसतो. मोठी गोधडी करायची तर साड्या किती लागतात?

वारज्याची आजी

सहावारी साडी साडेपाच मीटरची, पन्हा साधारण पावणेचार फूट. लांबीत तीन घड्या केल्या की सहा फूट बाय पावणेचार फूट, तीन पदरी, एका माणसाची. अशा दोन साड्या म्हणजे सहा पदर, पुण्याच्या थंडीला पुष्कळ. सुईही तेवढ्यालाच मुकाट जाते, आठ पदर केलेत तर बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिवणाची टोपी, घालावी लागेल. घड्या तशाच राहू देऊ नका, कापून सुटे पदर करा, नाहीतर घडीच्या कडेला जाड वळ येतो.

मधोमध विरलेली साडी टाकू नका. पूर्वी लुगड्याला दंड घालायचे, म्हणजे विरलेला मधला भाग काढून चांगले दोन तुकडे जोडायचे. तेच करा. साडी घेण्याआधी उजेडासमोर धरा आणि दोन अंगठ्यांनी ताणा. चर्र आवाज आला तर ती वरती लावू नका, मध्ये घाला. जरीचा काठ काढून टाका, रात्रभर टोचतो. रेशमी साडी नको, घडीवर फाटते आणि सुती कापडाबरोबर धुता येत नाही. लाल-जांभळ्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालानं चोळून बघा. वाकळेचं पाणी गुलाबी झालं तर सगळ्या घरात तुमचं नाव निघतं.

कर्वेनगरचा बाबा

सहा आठवड्यांनी लिहितोय. मधे १४ आणि १५ तारखेलाही एका क्लायंटचा फोन चालू होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.

उसवायला चार रात्री लागल्या. आजी, तुमचा अंदाज खरा होता. पसरायचं काम मी तीन वेळा अर्धवट गुंडाळून तीन वेळा उलगडलं होतं, आणि दर वेळी 'मघाशी बसवलं तसंच असेल' असं म्हणून पुढे गेलो होतो. ताळेबंदात मी असं कधी केलं नसतं.

रविवारी सासूबाई आल्या, पोरांना घेऊन खाली बागेत गेल्या. आम्ही दोघं फरशीवर. तूरडाळ, मूगडाळ, तांदूळ, साखर, चार कोपऱ्यांवर चार डबे. बायकोला मी तळव्यानं पुसत जायला सांगितलं, तर ती म्हणाली तू हिसाब बघ, मी करते, आणि मग खरंच तिनंच केलं. मधल्या थराला एक चुणी होती, बोटभर लांब. मागच्या वेळी मी ती सोडली असती. या वेळी अख्खा वरचा थर उचलून पुन्हा बसवला. पोपटी दोऱ्यानं वीत-वीत कच्चा टाका. तासाला दहा मिनिटं जास्त लागली, आणि खालून धाकट्याचा आवाज यायला लागला तेव्हा शेवटचा कोपरा चालू होता.

त्यानंतर सगळं वेगळंच झालं. घडी करून कापडी पिशवीत ठेवली आहे, पिशवी खुंटीला. तो झोपला की मी पिशवी काढतो, एक ओळ, कधी पाऊण, सुया मोजून आत. पहिल्या ओळीतले टाके मुंगीसारखे आणि पाचव्यातले झुरळासारखे आहेत, नवव्यात जरा एकसारखे आले. आज सतरावी ओळ झाली. मधोमध हात फिरवला तर सपाट. नारायणपेठेचा एक चौकोन तेवढा जरा फुगलाय, बघायला गेलं तर दिसतो, न बघितलं तर नाही.

डाग चार दिवसांच्या उन्हात गेला. थोरलीनं जाहीर केलंय की जुनी गोधडी धाकट्याला द्या, सदऱ्यांची मला पाहिजे, त्यात बाबाचा खिसा आहे. (एका चौकोनावर खरंच खिसा राहिलाय. ते चुकून झालं होतं, आता मी मुद्दाम केलं असं सांगतो.)

एक शेवटचा प्रश्न. कडेची पट्टी व्हिडिओत तिरकी कापतात. तशीच कापू का?

वारज्याची आजी

सरळ. तिरकी पट्टी गोल कडेला लागते, तुमच्या चारी बाजू सरळ आहेत. उगाच कापड वाया. दोन इंच रुंद कापा, आणि धुतलेल्या कापडाची.